वळिवड्याच्या बराकीत आधी पोलिश, मग सिंधी: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या कॅम्पवर एक छोटी चौकट छापली होती. दुसऱ्या महायुद्धात तिथे पाच हजारांच्या आसपास पोलिश लोक राहिले आणि ते गेल्यावर त्याच बराकी सिंधी निर्वासितांना मिळाल्या, बास, एवढंच होतं त्यात. त्यावर इतकी पत्रं, मेल, व्हॉट्सअ‍ॅप आले की यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. सारखे प्रश्न एकत्र केलेत. काहींनी शिव्या पण घातल्यात, त्याही घेतल्यात खाली.

नमस्कार सर, पोलंड कुठं आणि वळिवडं कुठं! हिटलरला घाबरून पळाले हे समजलं, पण मग एवढ्या लांब कोल्हापूरला कसे काय आले? मधे किती देश लागतात. (कॉलेज विद्यार्थी, इचलकरंजी)

पहिली गोष्ट, हिटलरला घाबरून नाही आले. वळिवड्याला आलेले बहुतेक सगळे पूर्व पोलंडचे, आणि त्यांना घराबाहेर काढलं ते स्टालिनच्या माणसांनी. १ सप्टेंबर १९३९ ला जर्मनी पश्चिमेकडून घुसला हे आपण शाळेत पाठ करतो, पण १७ सप्टेंबरला सोव्हिएत फौजा पूर्वेकडून घुसल्या हे धड्यात असलंच तर अर्ध्या ओळीत असतं. दोघांनी मिळून देश वाटून घेतला. मग १० फेब्रुवारी १९४० च्या रात्री पहिली मोठी उचलबांगडी झाली. पूर्वेकडे ज्यांना सरकारने जमिनी दिल्या होत्या ते माजी सैनिक, जंगलखात्यातली माणसं आणि त्यांची घरंच्या घरं. एप्रिलमध्ये दुसरी खेप, त्यात आधीच अटक झालेल्या पुरुषांच्या बायकामुलांचा भरणा. जूनमध्ये तिसरी, आणि पुढच्या वर्षी आणखी एक. एकूण किती जण नेले यावर भांडण आहे, सोव्हिएत कागदांत तीन-सव्वातीन लाख आणि देश गेल्यावर लंडनमधून चाललेल्या पोलिश सरकारच्या अंदाजात त्याच्या कितीतरी पट.

त्या रात्रीच्या आठवणी वाचल्या की एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. दारावर थाप, बंदुका घेतलेले शिपाई, अर्धा तास वेळ. अर्ध्या तासात बाई काय घेणार हो? कोणी पीठ घेतलं, कोणी दुलया, कोणी घाबरून भलतंच काहीतरी उचललं. एखादा शिपाई जरा माणुसकीचा असला तर हळूच सांगायचा की गरम कपडे घे, कुऱ्हाड घे. शिवणाचं मशीन ज्यांनी उचललं त्यांचं पुढे बरं झालं, कारण तिकडे शिवून दिलं की बदल्यात बटाटे मिळायचे. मग गुरांच्या डब्यात भरून आठवडेच्या आठवडे प्रवास, फळ्यांचे दोन मजले, मधे लोखंडी शेगडी आणि संडाससाठी जमिनीला पाडलेलं भोक, बाहेर उणे तीस-चाळीस. वाटेत जी म्हातारी आणि तान्ही गेली त्यांना रुळाशेजारी बर्फातच ठेवून गाडी पुढे. कोणी अर्खांगेल्स्कच्या बाजूला, कोणी सायबेरियात, कोणी कझाकस्तानच्या गवताळ पठारावर. लाकूडतोड किंवा सामूहिक शेती, आणि ठरवलेलं काम पुरं झालं तरच ठरवलेला पाव.

यातून सुटका कशी झाली, तर २२ जून १९४१ ला हिटलर रशियावरच उलटला म्हणून. कालचा शत्रू एकदम मित्र झाला, ३० जुलैला पोलंडच्या लंडनमधल्या सरकारशी करार झाला आणि या सगळ्यांना ‘माफी’ जाहीर झाली. कसली माफी, गुन्हा काय केला होता ते कोणी सांगितलंच नव्हतं. जनरल आंदेर्स यांना पोलिश कैद्यांमधून सैन्य उभं करायची परवानगी मिळाली आणि ही बातमी लागली तशी बायकामुलं पण जमेल तशी दक्षिणेला निघाली, उझबेकिस्तानकडे, कारण सैन्य जिथे तिथे भाकरी. तिथे टायफस, म्हणजे उवांतून पसरणारा जीवघेणा ताप, वाट बघत होता. काही आयांनी आपली मुलं जिवंत असताना अनाथालयात नेऊन दिली कारण तिथे रोज खायला मिळायची खात्री होती, आणि त्यातल्या काही आया परत भेटल्याच नाहीत.

१९४२ मध्ये मार्च-एप्रिल आणि ऑगस्ट अशा दोन खेपांत कॅस्पियन समुद्र ओलांडून साधारण १ लाख १५ हजार माणसं इराणच्या पहलवी बंदरात उतरली, आता त्याला बंदर अंझली म्हणतात. त्यातले ४० हजारांच्या आसपास साधे नागरिक. किनाऱ्यावर डोकी भादरली, उवांनी भरलेले कपडे जाळले, तंबू दिले. आणि खायला दिलं, तेच काहींना भोवलं, कारण दोन वर्षं उपाशी राहिलेल्या पोटाला चरबीचं मटण झेपत नाही. तेहरानच्या दुलाब कब्रस्तानात जवळपास दोन हजार पोलिश लोक पुरलेत.

इराणमध्ये सगळ्यांना कायमचं ठेवणं शक्य नव्हतं. मग ब्रिटिशांनी आणि पोलिश सरकारने जगभर जागा शोधल्या. पूर्व आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड, लेबनॉन आणि हिंदुस्थान. तेहरान किंवा इस्फहानहून दक्षिणेला, बोटीने कराची, कराचीत तंबूंच्या कॅम्पात मुक्काम आणि मग रेल्वेने मिरज-कोल्हापूर लाइनवरचं वळिवडे स्टेशन. १९४३ च्या पावसाळ्याच्या तोंडाला कॅम्प सुरू झाला.

जामनगरच्या महाराजांनी सगळ्या पोलिश लोकांना आसरा दिला असा मेसेज आमच्या ग्रुपवर फिरतोय. ब्रिटिशांनी मुंबईतून बोट हाकलून लावली आणि महाराजांनी ती आपल्या बंदरात घेतली असं त्यात आहे. मग तुम्ही कोल्हापूरचं काय लिहिताय? (निवृत्त कर्मचारी, ठाणे)

तो मेसेज आम्हालाही आलाय, दर दोन-तीन महिन्यांनी येतो. नवानगरचे, म्हणजे जामनगरचेच, जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ बालाचडीला पोलिश मुलांसाठी कॅम्प उभारला हे शंभर टक्के खरं, आणि मोठ्या मनाचं काम होतं ते. पण बोटीची गोष्ट रचलेली आहे. १९४२ मध्ये आलेली पहिली मुलं बोटीने आलीच नव्हती, ती अश्गाबातहून ट्रकमधून मशहद, झाहेदान, क्वेट्टा अशी जमिनीवरून आली. बालाचडी तयार होईपर्यंत त्यांना मुंबईत वांद्र्याला ठेवलं होतं, म्हणजे मुंबईने हाकललं वगैरे काही नाही. आणि बालाचडीला मुलं होती काही शेकड्यांनी, मोठा कॅम्प वळिवड्याचाच. एका दानशूर राजाची गोष्ट पटकन फॉरवर्ड होते, खर्चाच्या वह्या आणि रेल्वेच्या खेपांची होत नाही, त्याला आपण काय करणार.

आमच्या शाळेतल्या मुलांना प्रोजेक्ट दिलाय. कॅम्पात लोक राहायचे कसे, खायचे काय, शाळा होती का, जरा सविस्तर सांगा ना. (शिक्षिका, सांगली)

बाई, मुलांना आधी हे सांगा की कॅम्प म्हटल्यावर डोळ्यासमोर जे काटेरी तारांचं चित्र येतं तसं नव्हतं हे. लांबच लांब बैठ्या बराकी, खाली दगडी जोतं, वर कौलं, आणि मधल्या भिंती बांबूच्या चटयांच्या. त्यामुळे शेजारच्या खोलीत कोण कोणावर चिडलंय हे सगळ्या ओळीला कळायचं. प्रत्येक कुटुंबाला खोली, स्वयंपाकाची जागा, पुढे पडवी. पडवीसमोर बायकांनी फुलझाडं लावली. महिन्याला ठरलेला भत्ता मिळायचा, त्यात बाजारहाट करून आपापलं शिजवायचं. भाजीवाले, अंडीवाले आसपासच्या गावांतून यायचे आणि धंद्यापुरती पोलिश बोलायला शिकले होते.

पुरुष फारसे नव्हते, हे मुलांच्या लक्षात आणून द्या. धडधाकट पुरुष आंदेर्सच्या सैन्यात, पुढे हेच सैन्य इटलीत मोंते कासिनोला लढलं, मे १९४४ मध्ये. काही रशियातच मेले. आणि काहींच्या घरच्यांना कातिनची बातमी इकडे येता येता कळली. १९४० मध्ये सोव्हिएत पोलिसांनी हजारो पोलिश अधिकाऱ्यांना गोळ्या घालून पुरलं होतं, त्या कबरी एप्रिल १९४३ मध्ये उघड झाल्या. तेव्हा वळिवड्यात एखाद्या बाईला नवरा आहे की नाही हे तिचं तिलाच माहीत नसायचं. अशा बायकांनी तो कॅम्प चालवला, हे खरं तर प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर यायला पाहिजे.

शाळा? अहो, शाळा तर इतक्या की विचारू नका. प्राथमिक शाळा, हायस्कूल, कॉलेजच्या आधीची परीक्षा, सगळं पोलिश अभ्यासक्रमाने, कारण उद्या परत जायचंय हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं. पुस्तकं पुरेशी नव्हती. चर्च, दवाखाना, नाटकं, सिनेमा, स्काउटची पथकं होती. ज्या मुलांच्या छातीला त्रास होता त्यांना पाचगणीला हवापालटासाठी पाठवायचे. खर्च मुख्यतः लंडनमधलं पोलिश सरकार करायचं, मुंबईतले पोलिश कॉन्सुल बानासिंस्की आणि त्यांच्या पत्नी किरा यांनी खूप धावपळ केली. किराबाई पुढे भारतातच राहिल्या.

मलेरिया होता, साप-विंचू होते, उन्हाळ्यात जीव नकोसा व्हायचा. तरी त्या मुलांनी म्हातारपणी जे लिहून ठेवलंय त्यात वळिवडे म्हणजे लहानपणातला सगळ्यात सुखाचा काळ असंच येतं. सायबेरियानंतर पोटभर जेवण आणि पंचगंगेत पोहणं, सुख म्हणायचं नाही तर काय म्हणायचं.

मग युद्ध संपल्यावर हे सगळे घरी का नाही गेले? १९४८ पर्यंत इथे काय करत होते? (बँकेतून निवृत्त, पुणे)

घर राहिलं नव्हतं. म्हणजे घर असेल जागेवर, देश सरकला होता. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला तीन बड्यांनी, म्हणजे अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत युनियनने, ठरवलं की पोलंडचा पूर्व भाग सोव्हिएत युनियनला द्यायचा. ल्वूव, विल्नो, ही यांची शहरं आणि त्याभोवतीची गावं गेली. आता परत जायचं म्हणजे एक तर ज्यांनी उचलून नेलं त्यांच्याच राज्यात, नाहीतर नव्या कम्युनिस्ट पोलंडमध्ये, जर्मनांनी सोडलेल्या कुठल्यातरी अनोळखी घरात. वर जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनच्या पोलिश सरकारची मान्यताच काढून घेतली. म्हणजे कॅम्पचा खर्च करणारं सरकारच गेलं. आधी संयुक्त राष्ट्रांची मदत संस्था, मग आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटना अशी जबाबदारी हातोहात फिरत राहिली.

इथून पुढचं काम भयंकर कंटाळवाणं असतं आणि गोष्टींत ते कधी येत नाही म्हणून जरा सांगतो. फॉर्म भरा. मुलाखत द्या. छातीचा एक्स-रे काढा. तुम्ही कोण, कुठले, परत का जायचं नाही. ज्यांचा नवरा, बाप, भाऊ ब्रिटिश कमांडखाली लढला होता त्यांचं जरा सोपं, ब्रिटनने १९४७ मध्ये पोलिश लोकांच्या पुनर्वसनाचा कायदा केला, त्यात ती कुटुंबं ब्रिटनला जाऊ शकली. तिकडे गेल्यावर काय, तर पुन्हा कॅम्प! सैन्याने सोडलेल्या पत्र्याच्या अर्धगोल झोपड्या, आणि या वेळी पंचगंगेऐवजी इंग्लंडचा पाऊस. बाकीच्यांची वाटावाटी प्रत्येक देशाच्या गरजेप्रमाणे. ऑस्ट्रेलियाला युरोपातले निर्वासित हवे होते पण पहिली दोन वर्षं सरकार सांगेल ते काम करायचं या बोलीवर. तरुण, धडधाकट, एकट्या माणसाला सगळे देश घ्यायला तयार. आजारी आजी आणि तीन नातवंडं असलेली बाई यादीत खाली सरकत राहते. हे तेव्हाही तसं होतं आणि आजही तसंच आहे.

काही जण पोलंडला परतलेही, कोणी बहीण मागे राहिली होती म्हणून, कोणी जमीन सुटत नाही म्हणून. दोन-चार मुलींनी इथेच लग्नं केली. आणि आपल्याकडे तोवर स्वातंत्र्य आलं होतं, फाळणी झाली होती, आपलेच लाखो लोक रस्त्यावर होते. १९४८ च्या सुरुवातीला वळिवड्याचा कॅम्प रिकामा झाला.

पोलिश लोक पाच वर्षं राहून गेले तर त्यांचे स्तंभ, कार्यक्रम, परदेशातून पाहुणे. माझे आजोबा कराचीचं घर सोडून त्याच बराकीत आले, तिथेच गेले. आमच्याबद्दल तुमच्या चौकटीत एक ओळ! आम्ही फक्त होलसेल कापडासाठी लक्षात राहायचं का? (व्यापारी, गांधीनगर)

दादा, राग रास्त आहे. सविस्तर उत्तर देतो, आणि जागा कमी पडली तरी चालेल.

सिंधची फाळणी झालीच नाही, अख्खा प्रांत पाकिस्तानात गेला. पंजाबी निर्वासिताला निदान अर्धा पंजाब होता, बंगाल्याला अर्धा बंगाल. सिंध्याला इकडे सिंध नावाचा एक तालुका पण नव्हता. सुरुवातीला बऱ्याच जणांना वाटत होतं की राज्य बदललंय, आपण इथेच राहू, दुकान चालू राहील. डिसेंबर १९४७ ला हैदराबाद सिंधमध्ये गडबड झाली आणि ६ जानेवारी १९४८ ला कराचीत गुरुद्वारात थांबलेल्या शिखांवर हल्ला होऊन दंगल शहरभर पसरली, हिंदूंची घरं लुटली गेली. त्यानंतर मात्र लोकांनी कुलपं लावली. कुलपं लावली म्हणतोय, कारण कित्येकांनी किल्ली बरोबर घेतली, चार महिन्यांत परत येऊ म्हणून. काही खोखरापार-मुनाबाव मार्गाने रेल्वेने मारवाडला, बाकी बोटींनी ओखा, पोरबंदर, मुंबई. बंदरात सामान उलटंपालटं करून झडती, दागिने, भांडी, शिवणयंत्र, जे डोळ्यात भरेल ते राहायचं तिकडेच. दहा लाखांहून जास्त माणसं अशी आली.

मुंबईच्या गोदीत उतरल्यावर वाटप. सगळ्यात मोठं कल्याणजवळच्या लष्करी छावणीत, लाखाच्या आसपास माणसं त्या कॅम्पांत कोंबली, त्याचंच पुढे उल्हासनगर झालं, ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी कोनशिला बसवली. काही चेंबूरला, मुलुंडला, पुण्याजवळ पिंपरीला, आणि काही तुमच्या आजोबांसारखे थेट वळिवड्याला. पोलिश लोकांच्या फुलझाडांचं तोवर काय झालं असेल कोण जाणे.

आता त्या दोघांतला फरक बघा. पोलिश माणसाला भत्ता होता, शाळा होती, स्वतःच्या भाषेतला डॉक्टर होता, पण राहायचा हक्क नव्हता. इथे जमीन घेऊन धंदा टाकू असं म्हणायची सोय नव्हती, कधीतरी हलवणार हे ठरलेलं. सिंधी माणूस या देशाचा नागरिक, त्याला कोणी हलवणार नव्हतं, पण बाकी सगळ्याचा ठणठणाट. खोलीत दोन-दोन कुटुंबं, मधे चादर नाहीतर गोणपाट. नळावर रांग, संडासला रांग. फुकट रेशन मिळायचं ते सरकारला जड झालं आणि हळूहळू बंद केलं. मुंबई प्रांतात १९४८ ला निर्वासितांसाठी वेगळा कायदा झाला, नाव नोंदवणं सक्तीचं. जे कराचीत पेढीवर बसायचे त्यांच्या पोरांनी लोकलमध्ये गोळ्या, कंगवे विकले, बायकांनी पापड-लोणची घातली. स्थानिक दुकानदारांना हे आवडलं नाही, अजिबात नाही, कारण सिंधी माणूस अगदी बारीक नफ्यावर विकायचा. साखर खरेदीच्या भावात विकून रिकाम्या पोत्यावर कमवायचे असं अजून आमच्याकडचे म्हातारे सांगतात, अर्धं कौतुक आणि अर्धी जळजळ. उल्हासनगरच्या मालावरच्या ‘मेड इन यूएसए’चा, म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’चा विनोद तर तुम्हाला सांगायला नको.

गांधीनगरचा कापडबाजार याच्यातूनच उभा राहिला. नाव पण तुमच्याच लोकांचं, पोलिश काळात ते वळिवडे कॅम्पच होतं. आज सांगली, सातारा, बेळगाव, कोकण, कुठकुठचे दुकानदार लग्नसराईच्या आधी तिथे गाड्या भरतात, आणि त्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं की आपण कॅम्पात उभे आहोत.

भाषेचं मात्र कठीण झालं. सिंधीला घटनेच्या आठव्या अनुसूचीत जागा मिळाली ती १९६७ ला, वीस वर्षांनी. लिपी अरबी ठेवायची की देवनागरी यावर समाजातच दोन तट. तोवर मुलं मराठी-हिंदी-इंग्रजी शाळांत गेली होती. पोलिश पोरं वळिवड्यात राहून पोलिशमध्ये परीक्षा देऊन गेली आणि सिंधी पोरं कायमची राहिली पण नातवाला आजीचं पत्र वाचता येईना, हा हिशेब मला तरी कधी जुळवता आला नाही.

स्तंभाचं म्हणाल तर, पोलिश लोकांचे स्तंभ बहुतेक त्यांनी स्वतःच उभारलेत. भारतात राहिलेल्या पोलिश लोकांची लंडनमध्ये संघटना होती, त्यांनी पैसे जमवले, पत्रव्यवहार केला, पुस्तक काढलं. वॉर्साला पण कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान तिथे गेले म्हणून टीव्हीवर दिसलं. तुमच्या पिढीने गांधीनगरात एक खोली जरी घेतली, किल्ल्या, रेशनकार्डं, फोटो, तिकडे सोडलेल्या मालमत्तेच्या क्लेमचे कागद ठेवायला, तर पहिली बातमी आम्ही छापू. हे लेखी समजा.

वडिलांच्या ट्रंकेत आजोबांच्या नावाचे १९५० च्या दशकातले क्लेमचे कागद सापडले. सक्करला दोन घरं आणि दुकान लिहिलंय. आता काही मिळू शकतं का? एजंट म्हणतो मिळेल, पाच हजार द्या. (गृहिणी, उल्हासनगर)

पाच हजार देऊ नका ताई. पाचशे पण देऊ नका.

झालं होतं असं की तिकडे सोडलेल्या मालमत्तेचे दावे नोंदवायला १९५० चा कायदा आणि भरपाईसाठी १९५४ चा कायदा होता. माणसाने यादी द्यायची, पुरावा द्यायचा, पुरावा म्हणजे खरेदीखत, घरपट्टीची पावती, नाहीतर साक्षीदार, जो बहुधा दुसऱ्या शहरातल्या दुसऱ्या कॅम्पात असायचा. अधिकारी तपासून रक्कम ठरवायचा, बऱ्याचदा मागितलेल्याच्या कितीतरी खाली. मग त्या रकमेचे सुद्धा पूर्ण पैसे नाहीत, ठरावीक टक्के, आणि दावा जितका मोठा तितका टक्का कमी. त्यातून पण सरकारने दिलेल्या घराची किंमत, भाडं वळतं करून घ्यायचे. ज्याच्याकडे तिकडे मालमत्ताच नव्हती, भाड्याने राहायचा, त्याला यातून काहीच नाही.

हे कायदे २००५ मध्ये रद्द झाले. नवा दावा होत नाही, एजंट काहीही म्हणो. मात्र कागद टाकू नका, कारण तुमचं आत्ताचं घर किंवा बराकीची जागा क्लेमच्या बदल्यात मिळाली असेल तर मालकीच्या भानगडीत तो कागद कामाला येतो. आधी प्रॉपर्टी कार्ड काढा, सनद किंवा विक्रीपत्र झालंय का बघा, नसेल तर त्या भागातल्या जुन्या जाणत्या वकिलाला दाखवा. मूळ प्रत कोणाच्या हातात देऊ नका, झेरॉक्स द्या.

आमच्या मुलचेऱ्याकडे बंगाली गावं आहेत. त्यांच्यावर पण लिहा की. (वाचक, गडचिरोली)

लिहिणार, वेगळं लिहिणार, तिकडे जाऊन लिहायचं आहे. थोडक्यात सांगायचं तर हे पूर्व पाकिस्तानातून आलेले, १९६४ च्या दंगलींनंतर खूप आले, रायपूरजवळच्या माना कॅम्पात राहिले आणि तिथून तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात जंगल साफ करून वसवले गेले. बहुतेक नमःशूद्र, म्हणजे बंगालात अनुसूचित जातीत, पण महाराष्ट्राच्या यादीत ती जात नाही, त्यामुळे दाखल्याचं घोडं पिढ्यानपिढ्या अडलेलं. नदीच्या गाळातला भात पिकवणारा माणूस गडचिरोलीच्या जंगलात आणून सोडला, आणि ज्यांचं ते जंगल त्या गोंड-माडियांना कोणी विचारलं नाही. दोन्ही बाजू घ्याव्या लागतील.

गोंदियाच्या वाचकांनी गोठणगावच्या तिबेटी वसाहतीचं विचारलंय, १९७२ ची ती, तीही त्याच लेखात.

भारतात निर्वासितांसाठी कायदा कोणता? यूपीएससीला विचारतात. (नाव नको)

वेगळा असा कायदाच नाही. १९५१ चा निर्वासितांचा आंतरराष्ट्रीय करार आणि १९६७ ची पुरवणी, दोन्हींवर भारताची सही नाही. परदेशी नागरिकांचे जे कायदे तेच लागू, आणि कोणाला काय वागणूक द्यायची ते सरकार त्या त्या वेळी ठरवतं. म्हणून तिबेटी माणसाला नोंदणीचं प्रमाणपत्र मिळतं आणि दुसऱ्या कोणाला तेही नाही. उत्तर लिहिताना नागरिकत्व दुरुस्ती कायदा २०१९ आणि हे वेगवेगळं ठेवा, तो नागरिकत्वाचा आहे.

माझी आजी पिंपरी कॅम्पात वाढली. नव्वदीला आलीय. विचारलं की म्हणते “काय सांगायचं, आलो आणि राहिलो.” तिच्याकडून कसं काढून घेऊ? (आयटीवाली, पिंपरी)

‘कसं वाटलं’ हे विचारू नकोस, त्याचं उत्तर ‘काय सांगायचं’ हेच येतं. वस्तू विचार. निघालात त्या दिवशी चुलीवर काय होतं? दार कोणी ओढून घेतलं? बोटीवर पाणी कशात घेतलं होतं? कॅम्पात तुमच्या बाजूला कोण राहायचं आणि त्यांच्याशी भांडण कशावरून झालं? भांडणाचा विषय निघाला की म्हाताऱ्या माणसांना सगळं आठवतं, तारखेसकट. फोन रेकॉर्डिंगला लाव पण तोंडासमोर धरू नकोस, भाजी निवडायला बस बरोबर. एका बैठकीत सगळं काढायला जाऊ नकोस. आणि काही गोष्टी ती सांगणार नाही, बायकांच्या बाबतीत त्या काळात जे झालं त्यातलं बरंचसं, तिथे खोदत बसू नकोस. ती सिंधीत बोलली तर सिंधीतच राहू दे, तुला अर्धं कळलं नाही तरी. भाषांतर नंतर करता येतं.

रविवारी वळिवड्याला जायचा विचार आहे. बघायला काय आहे? (दोघं नवरा-बायको, मिरज)

पॅसेंजर वळिवड्याला थांबते, मिरजहून सरळ. स्टेशनवरून गांधीनगर जवळच. बाजारात शिरल्यावर कॅम्प शोधायचा तर मान वर ठेवा, कारण खाली सगळ्या पाट्या आणि साड्या. दुकानांच्या ओळींच्या मागे गेलात तर कुठे कुठे जुनी लांबट बराक, बदललेली, मजला चढवलेली, पण जोतं तेच दगडी, असं दिसतं. लोकांच्या राहत्या घरांचे फोटो विचारूनच काढा. पोलिश लोकांचा स्तंभ वळिवड्यात आहे आणि कोल्हापूर शहरात महावीर गार्डनमध्ये दुसरा. चौकात एखाद्या जुन्या दुकानदाराला ‘बराकी कुठल्या राहिल्यात’ विचारा, सांगतात. आणि सोबत बायको आहे म्हणताय, तर परतीच्या गाडीत पिशव्यांना जागा ठेवा.